माळ्यावर नव्वद मिनिटांची कॅसेट सापडली, शेवटचं गाणं कुठलं ओळखा (आणि तुमचं त्या काळातलं नंबर एक सांगा)

अनगोळी_मिसळ | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी एक मदत पाहिजे. गेल्या रविवारी आईनं माळा साफ करायला लावला आणि तिथं जुन्या तांब्याच्या घागरीत (हो घागरीतच, कुणी ठेवल्या देव जाणे) कॅसेटी सापडल्या. बहुतेकांना बुरशी लागून रीळ पांढरं पडलंय, फेकायच्याच लायकीच्या. एक मात्र धड आहे, टीडीकेची नव्वद मिनिटांची, कव्हरवर आमच्या आक्काच्या (थोरल्या बहिणीच्या) अक्षरात गाण्यांची यादी. ही १९९९ ची, एवढं पक्कं सांगू शकतो कारण एसएसएलसी (दहावी) पास झालो म्हणून मामानं शंभर रुपये दिल्ते आणि त्यातनं ही भरून घेतली होती.

ज्यांचा जन्म दोन हजारानंतरचा त्यांना सांगतो, कॅसेट भरून घेणं म्हणजे काय. कोरी कॅसेट आणि कागदावर गाण्यांची यादी घेऊन रेकॉर्डिंगच्या दुकानात जायचं, तो म्हणणार चार दिवसांनी या, चार दिवसांनी गेलं की म्हणणार लाईट नव्हती परवा या. कंपनीची कॅसेट घेतली तर एका पिक्चरची किंवा एकाच गायकाची, त्यात दोन गाणी चांगली आणि बाकीची सहा पुढं ढकलायची, त्यापेक्षा आपल्या आवडीची सगळी एकाच कॅसेटीत. ते बेकायदा होतं हे आत्ता कळतंय, तेव्हा दुकानावर मोठा बोर्ड लावून चालायचं.

यादी अशी. साइड ए ला लकी अलीचं ओ सनम, दलेरचं तुणक तुणक, डूबा डूबा, कृष्णा नी बेगने, फाल्गुनी पाठकचं याद पिया की, आशाताईंचं जानम समझा करो आणि अजून दोनतीन पिक्चरची. साइड बी इंग्लिश. आक्कानं लिहिलंय "बारबी गल", "टायटानिकचे गाणे", "ब्रिटणी", "बॅकस्ट्रिट पोरं" (हे तिनं मुद्दाम लिहिलंय असं ती आता म्हणते), आणि मग परत हिंदी, के के चं यारों, कारण इंग्लिश तेवढीच माहीत होती.

आता मुद्दा. साइड बी च्या शेवटी एक गाणं आहे ज्याचं नाव यादीत नाही. आम्ही दिलंच नव्हतं. बाईचा आवाज, इंग्लिश, मागं नाचायचा ठोका, आणि पहिल्याच कडव्यात आवाज बिघडतो. कसा सांगू, लहानपणी टेबलफॅनसमोर तोंड धरून आ करायचो बघा, तसा, पण अजून विचित्र, सूर घसरत जायच्या ऐवजी पायरी पायरीनं उड्या मारतो. मग परत नीट होतो, परत बिघडतो. दीडदोन मिनिटांनी रीळ संपतं आणि गाणं तिथंच तुटतं.

तेव्हा मला वाटलं टेपचं हेड (रिळावरचा आवाज वाचणारा भाग) खराब झालं. स्पिरिट नव्हतं म्हणून आईच्या कापसाच्या वातीला दाढीचं लोशन लावून हेड पुसलं, त्यानं बाकीची गाणी पण आठवडाभर घोगरी ऐकू आली. मग कॅसेट घेऊन दुकानात गेलो आणि भांडलो. पीयूसीतलं (अकरावी-बारावीतलं) पोरगं, नवीन मिशी, आवाज चढवून म्हटलं न मागितलेलं गाणं भरलंयस, ते पण खराब, दहा रुपये परत दे. काउंटरवरचा पोरगा म्हणाला गाणंच तसं आहे. मी म्हटलं असं गाणं असतंय होय? पैसे काय मिळाले नाहीत.

परवा आतेभावाकडनं चालू टेप आणला, बेल्ट बदलला, आणि लावलं तर पंचवीस वर्षांनी पण ते गाणं तिथंच बिघडतंय आणि तिथंच नीट होतंय. म्हणजे पोरगा खरं बोलत होता. कुठलं हे गाणं? आणि लिहिता लिहिता तुमचं पण सांगा, नव्वदीच्या शेवटी तुमच्या घरात, गल्लीत, कॉलेजात नंबर एक कुठलं होतं.

---

निपाणीवाला | शनिवार, रात्री १०:४७

सोप्पं हाय भावा, ते ब्लू. डा बा डी डा बा डाय. आयफेल सिक्स्टी फाइव्ह, इटलीची पोरं. त्यात आवाज मशीनसारखा हाय. आमच्या वर्गात सगळे ते "दाबा दे दाबा दे" म्हणत हुते आणि इंग्लिशच्या सरांनी एकाला खरंच पाठीत दाबून दिल्ता.

आणि आमचं नंबर एक दलेर, दुसरं कोण असणार. आमच्या बापाचं हायवेला टायरचं दुकान, पुणे बेंगलोर रोड, रात्रभर ट्रक थांबायचे, पंजाबी ड्रायव्हर पंक्चर काढूस्तवर टेप चालूच ठेवायचा त्यामुळं बोलो तारारा आमाला टीव्हीवर यायच्या आधी पाठ झाल्तं, शब्द काय एक कळत नव्हता, पण तंबाखूच्या वखारीतल्या बायका पण ते गुणगुणत जायच्या, खोटं नाही सांगत. मग १९९८ ला तुणक तुणक आलं. त्याची गोष्ट माहितीय काय, लोक म्हणत हुते ह्याची गाणी चालत्यात ती व्हिडिओतल्या पोरींमुळं, तर ह्यानं चिडून एक पण पोरगी न घेता व्हिडिओ काढला, चार दलेर, चारी कपडे वेगळे, मागचं सगळं कम्प्युटरवर. एवढा स्वाभिमान पाहिजे माणसाला.

त्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळाच्या बेंजोवाल्यानं तेच एक गाणं दोन तास वाजवलं. थांबव म्हटलं की पोरं रस्त्यात बसायची.

---

शहापूरची_आक्का | रविवार, सकाळी ७:३०

बाळांनो, तुमची यादी वाचून बरं वाटलं, पण कृष्णा नी बेगने एका ओळीत उरकलंत याचा राग आला. त्याच्याबद्दल लिहायलाच हवं आपल्या बेळगावकडच्या माणसांनी.

१९९६ ला कलोनियल कझिन्सची कॅसेट आली, हरिहरन आणि लेस्ली लुइस. आमच्याकडे केबल नुकतीच घेतली होती. एक दिवस मी भांडी घासत होते आणि बाहेर टीव्हीवर इंग्लिश गाणं चालू, गिटार वगैरे, आणि मधेच हरिहरनचा आवाज, कृष्णा नी बेगने बारो. सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. त्यांचं माहेर अथणीकडचं, घरात मराठी पण देवघरात कन्नड, दासांची (कन्नड संतकवींची) पदं सगळी तोंडपाठ. त्या ताडकन उठून टीव्हीसमोर आल्या आणि म्हणाल्या, अगं हे आमचं, व्यासरायांचं! ते जीन्स घातलेले दोघं काय करत आहेत त्यांना कळेना, पण पद संपेपर्यंत हात जोडून उभ्या होत्या. मग इंग्लिश परत सुरू झालं तशा म्हणाल्या, एवढं मधलं तेवढं काढून टाकायला सांग.

व्यासराय म्हणजे पुरंदरदासांचे गुरू, कृष्णदेवरायाच्या काळातले. पाचशे वर्षांपूर्वीचं पद एमटीव्हीवर. मुंबई पुण्याच्या माझ्या भाच्यांना ते नुसतं छान वाटायचं, काय म्हणतात ते कळायचं नाही. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोराला पण कळायचं, कृष्णा लवकर ये. रोजच्या बोलण्यात इथं लगू बा म्हणतात खरं, पण बेगने काही परकं नाही. त्या एका गाण्यापुरता आम्ही भाच्यांसमोर भाव खाल्ला.

आणि १९९९ चं अब के सावन, शुभा मुद्गल. पावसाचं गाणं, त्या वर्षी नुसतं तेच. लोकांनी नाकं मुरडली, शास्त्रीयवाली बाई पॉप गाते म्हणून. ती शिकली कुणाकुणाकडे, त्यात एक नाव कुमार गंधर्वांचं. आणि कुमार कुठले? आपल्या सुळेभावीचे, इथून किती लांब आहे सांगा बरं. म्हणून मी ते गाणं आपल्याच खात्यात धरते, कुणी काही म्हणो.

तुझं बिघडलेलं गाणं मला काही माहीत नाही बाबा. पण दाढीचं लोशन? कठीण आहे.

---

अनगोळी_मिसळ | रविवार, सकाळी ९:०५

निपाणीवाला, ब्लू नव्हे हो, ते लावून बघितलं आत्ता. त्यात पुरुषाचा आवाज आणि सगळंच मशीनसारखं. हिचा आवाज चांगला दणदणीत आहे, जाड, बाईमाणसाचा जाड आवाज असतो तसा, आणि मधे मधे तेवढाच बिघडतो.

आक्का, तुमच्या सासूबाईंना नमस्कार. इंग्लिश काढून टाकायला सांग 😀

---

लोंडा_जंक्शन | रविवार, दुपारी १:२०

मॅडोनाचं फ्रोझन असेल काय? १९९८ चं. तिचा आवाज पण थंडगार.

आमचा प्रकार वेगळा. खानापूर तालुक्यातला माणूस, बाबा भाजीचा टेम्पो घेऊन गोव्याला जायचे, आठवड्यातनं तीन फेऱ्या. कोबी ढबू मिरची खाली करून येताना म्हापशाच्या बाजारातनं काय ना काय आणायचे, आईला सुकी मासळी आणि आम्हाला इंग्लिश कॅसेट, कुठलीही, दुकानदार देईल ती. बाबांना इंग्लिश अक्षर येत नव्हतं, फोटो बघून घ्यायचे. एकदा पाच देखणी पोरं आहेत म्हणून भजनी मंडळ असेल असं समजून बॅकस्ट्रीट बॉइज आणलं (हे ते गमतीनं म्हणायचे, पण मला अजून शंका आहे). त्यामुळं बेळगावात कुणाला माहीत नव्हतं तेव्हा आमच्या घरात आय वाँट इट दॅट वे वाजत होतं, म्हशी बांधायच्या वेळेला.

आता एक सांगतो, मला हे फार उशिरा कळलं. त्या गाण्याचा अर्थ लागत नाही बघा. एकदा म्हणतात मला तसंच पाहिजे, लगेच म्हणतात तसं पाहिजे असं कधी म्हणू नको. मी कॉलेजात डिक्शनरी घेऊन बसलो होतो, वाटलं माझंच इंग्लिश कच्चं, मराठी मीडियम ना. तर ते लिहिणारे दोघं स्वीडनचे, मॅक्स मार्टिन आणि आंद्रियास कार्लसन. स्टॉकहोमला एक शेरॉन नावाचा स्टुडिओ होता, तिथनं हा सगळा माल निघायचा. म्हणजे लिहिणाऱ्याचीच मातृभाषा इंग्लिश नव्हे. ब्रिटनीचं बेबी वन मोअर टाइम पण मॅक्स मार्टिनचंच, त्यातलं "हिट मी" म्हणजे मला फोन कर असं ह्याला वाटत होतं म्हणे. ते गाणं आधी टीएलसी ह्या पोरींच्या ग्रुपला दिलं होतं, त्यांनी नको म्हटलं, मग ब्रिटनीकडं आलं आणि १९९९ च्या जानेवारीत अमेरिकेत नंबर एक. हे वाचलं आणि मला एवढा धीर आला म्हणून सांगू, चुकीच्या इंग्लिशवर अख्खं जग नाचलं आणि मी मात्र इंटरव्ह्यूत एक "द" राहिला म्हणून घाम पुसत बसायचो.

अजून एक गंमत, आय वाँट इट दॅट वे ब्रिटनमध्ये नंबर एक झालं पण अमेरिकेत सहाच्या वर गेलंच नाही. आणि तीच पोरं, त्यांची मिलेनियम कॅसेट पहिल्याच आठवड्यात तिकडं अकरा लाखाच्या वर खपली. चार्टाचं काय खरं नसतंय.

---

चिकोडी_लोकल | रविवार, दुपारी ३:४१

सगळे ब्रिटनी आणि बॅकस्ट्रीट करालाय. मराठीत काय नव्हतं का? आपण मराठी मराठी म्हणून एवढं बोलतो आणि कॅसेट भरायची वेळ आली की एक पण मराठी गाणं यादीत नाही. अनगोळी_मिसळ, तुमच्या कॅसेटीत एक तरी आहे काय बघून सांगा.

आणि कन्नडचं पण कुणी नाव काढलं नाही, आक्का सोडून. १९९६ ला जनुमद जोडी आला, शिवराजकुमारचा, त्याची गाणी आमच्याकडं लग्नाच्या गाडीत, रसाच्या गाड्यावर, सगळीकडं. मराठी वऱ्हाड आणि गाणी कन्नड, कुणाला काय वाटायचं नाही.

---

अनगोळी_मिसळ | रविवार, दुपारी ४:१०

बघितलं. एक पण नाही. लाज वाटली खरं सांगायचं तर.

पण कारण सांगू का, मराठी गाणी विकत घ्यायची किंवा भरायची अशी वस्तूच वाटत नव्हती. ती असायचीच. सकाळी सांगली आकाशवाणीवर, गणपतीत मंडपात, घरात बाबांच्या अभंगाच्या कॅसेटी. पैसे खर्च करायचे ते जे घरात नाही त्याच्यावर. जनुमद जोडीचं पण तसंच, ते रस्त्यावर फुकट ऐकायला मिळत होतं.

---

शहापूरची_आक्का | रविवार, संध्याकाळी ६:००

चिकोडी_लोकल, गारवा विसरलात का? मिलिंद इंगळे आणि सौमित्र. तेही नव्वदीच्या शेवटचंच. आमच्या लेडीज ग्रुपमध्ये ती एक कॅसेट सात घरं फिरून परत आली तेव्हा तिचं झाकण दुसऱ्याच कॅसेटचं होतं. अवधूत गुप्तेचं ऐका दाजिबा वगैरे धांगडधिंगा नंतरचा, दोन हजारच्या पुढचा. मराठी पॉप उशिरा आलं, एवढंच.

आणि एक राहिलं. १९९७ चा गणपती आठवतो का कुणाला? घरी गणपती बसले आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर डायनाची अंत्ययात्रा. मी मोदकाचं सामान आवरत बघत होते. एल्टन जॉन पियानोवर बसून गायला, शेजारच्या दोन बायका रडायला लागल्या, त्यांना ना डायना माहीत ना गाणं. आदल्याच दिवशी मदर तेरेसा गेलेल्या. सासूबाई म्हणाल्या सणाच्या दिवसात टीव्ही बंद करा. ते गाणं मग अमेरिकेत चौदा आठवडे नंबर एकवर होतं असं पेपरात वाचलं होतं. मला त्याचं एक अक्षर कळलं नाही, पण ऐकलं की अजून ओल्या नारळाचा वास येतो.

---

रीळ_आणि_पेन्सिल | रविवार, रात्री ११:५५

सकाळपासून वाचतोय, लिहू की नको करत होतो. लिहितोच.

ते गाणं शेरचं बिलीव्ह. बाईचं नावच शेर, वाघसिंहातलं नव्हे. आवाज बिघडलेला नाही, मुद्दाम केलाय.

१९९८ ते २००१ मी संध्याकाळी एका रेकॉर्डिंगच्या दुकानात बसायचो. कुठलं दुकान विचारू नका, मालक अजून गावात आहेत आणि त्यांना आता नातवंडं आहेत. ह्या गाण्यावरनं तक्रार घेऊन येणारे तुम्ही एकटे नव्हता, माझ्या आठवणीत चार जण. एकजण तर कॅसेट उघडून रीळ बाहेर काढून घेऊन आला होता, दाखवायला, कुठं चुरगळलंय ते. मी स्वतः पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डेकचा पिंच रोलर पुसला, हेड पुसलं, दुसऱ्या डेकमध्ये घालून बघितलं. तीन वेळा त्याच जागी बिघडल्यावर लक्षात आलं की हे आपल्याकडचं नाही, तिकडनंच असं आलंय.

नंतर वाचून कळलं ते सांगतो. ऑटोट्यून म्हणून एक सॉफ्टवेअर १९९७ ला निघालं. काढणारा अँडी हिल्डेब्रँड, तो आधी तेल कंपन्यांसाठी काम करायचा, जमिनीत आवाजाच्या लाटा सोडून परत येणाऱ्या लाटांवरनं तेल कुठं आहे ते शोधायचं गणित. तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. गायक थोडा बेसूर झाला की गुपचूप सुरात आणायचं, कुणाला कळू नये असं, हा मूळ हेतू. त्यात एक सेटिंग असतंय, सूर किती वेगानं दुरुस्त करायचा. हळू ठेवलं तर नैसर्गिक वाटतं. लंडनमध्ये शेरचं गाणं करणाऱ्यांनी ते एकदम शून्यावर नेलं. म्हणजे काय झालं, आपल्या भाषेत सांगायचं तर मींडच गेली. एका सुरावरनं दुसऱ्या सुरावर जाताना गळा जी वाट चालतो ती वाटच कापून टाकली, सरळ उडी. अनगोळी_मिसळ, तुम्ही पायरी पायरीनं लिहिलंय ना, अगदी बरोबर कान आहे तुमचा, फुकट भांडलात.

गंमत म्हणजे त्या प्रोड्यूसरांनी सुरुवातीला लोकांना खरं सांगितलंच नाही. मासिकात मुलाखत दिली त्यात म्हणाले व्होकोडर पेडल (आवाज मशीनसारखा करणारं वेगळंच यंत्र) वापरलं. धंद्याची गुपितं, आमच्या मालकांसारखीच. ब्रिटनमध्ये १९९८ च्या ऑक्टोबर संपता संपता नंबर एक झालं ते सात आठवडे, अमेरिकेत १९९९ च्या मार्चमध्ये चार आठवडे. शेर तेव्हा ५२ वर्षांची. आणि आज कुठल्याही हळदीचा डीजे ऐका, प्रत्येक गाण्यात तोच आवाज.

आता यादीत नाव का नाही ते. नव्वदच्या कॅसेटीत एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. गिऱ्हाइकाची गाणी भरून झाली की चार सहा मिनिटं उरायची. मोकळी जागा सोडली तर गिऱ्हाइक म्हणणार कमी भरलंस. म्हणून उरलेल्या जागेत आम्ही आमच्या आवडीचं एखादं टाकायचो. बहुतेक पोरं अर्धवट बसणारं गाणं टाकत नाहीत. मी टाकायचो. माझं म्हणणं, अर्धं आवडलं तर माणूस पुढचं ऐकायला येईल की परत.

तेव्हाचं माझं नंबर एक तेच होतं, म्हणून तेच टाकायचो. नाहीतर नीट बघितलं तर लेस्ली लुइस हा माणूस तुमच्या त्या एका कॅसेटीत तीनदा आहे, कुणाच्या लक्षात आलं काय? कृष्णा मध्ये स्वतः, जानम समझा करो त्याचं, यारों पण त्याचंच. एका माणसानं हरिहरनला गिटारवर आणलं, चौसष्टीला आलेल्या आशाताईंना पॉप गायला लावलं आणि के के ची पहिली कॅसेट काढली. तो काउंटरवर आला असता तर मी पैसे घेतले नसते.

आणि कॅसेटच्या वरच्या कोपऱ्यातल्या दोन्ही टिकल्या मोडल्या आहेत काय ते बघा. नसतील तर आधी मोडा, मग तिच्यावर दुसरं काही भरलं जात नाही. टेप शिकणाऱ्या पोरांच्या हातात गेली आणि लाल बटण दाबलं की गेलं सगळं.

---

निपाणीवाला | सोमवार, सकाळी ६:५२

च्या मारी. तेल शोधायचं मशीन गळ्यात घातलं. आमचा बेंजोवाला उगंच मरत हुता.

---

शहापूरची_आक्का | सोमवार, सकाळी ८:१५

५२ वर्षांच्या बाईचं एवढं कौतुक! वर लिहिलंयच की चौसष्टच्या आशाताई, आणि त्या मशीन न लावता. सांगलीकडचा जन्म आहे त्यांचा, हवापाण्याचा फरक.

बाकी रीळ_आणि_पेन्सिल, मींड कापली हे फार छान सांगितलंत. आत्ता ऐकलं ते गाणं नातीच्या फोनवर. मला आवडलं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, तेवढं मधलं काढून टाका.

---

अनगोळी_मिसळ | सोमवार, रात्री ९:३०

दिवसभर कामावर होतो, आत्ता वाचलं. कानात घालून पूर्ण ऐकलं, पहिल्यांदाच. पंचवीस वर्षं मला ते गाणं दीड मिनिटाचंच माहीत होतं, पुढं काय होतं ते माहीतच नव्हतं. जिथं रीळ संपायचं तिथं आलं तेव्हा आपोआप हात बटणाकडं गेला, साइड बदलायला.

आमच्या आक्काला फोन लावला, हुबळीला असते ती. गाणं ऐकवलं तर म्हणाली अरे हे ते खराब झालेलं. म्हटलं खराब नव्हतं, मुद्दाम होतं. ती म्हणाली म्हणजे तू त्या पोराला उगंच शिव्या दिल्यास.

टिकल्या मोडलेल्या नव्हत्या, आत्ता मोडल्या.

रीळ_आणि_पेन्सिल, दुकान विचारत नाही. फक्त एक सांगा. दारात रेल्वे स्टेशनवर असतं तसलं लाल वजनाचं मशीन होतं काय, बंद पडलेलं, त्याच्यावर मालकाचा डबा ठेवलेला असायचा?

---

रीळ_आणि_पेन्सिल | सोमवार, रात्री ९:४१

होतं.

मिशी नवीन होती तुमची. आणि दहा नव्हे, वीस मागत होता.